पेशंटचं वय

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुम्ही शिवलेले चारही झगे मिळाले. दोन बोटं मोठे आहेत, पण तुमची भाची चौथ्या महिन्यातच अशी फुगतेय की पुरून उरेल. सगळ्यांकडे रोखून बघते म्हणून तुमच्या भावाने तिला ठाणेदार नाव ठेवलंय.

परवा तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. छातीत घरघर वाटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठणठणीत आहे. त्याआधी कान, त्याआधी पोट, त्याआधी डोळे. दर वेळी नवा केसपेपर. हे म्हणतात, तिथेच बिऱ्हाड कर. घरी आल्यावर मात्र वाटतं, विचारायचं ते राहूनच गेलं.

तुमची,
भावजय

ता. १० फेब्रुवारी

प्रिय भावजयबाई,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. त्यात पोरीचे कान, पोट, छाती सगळं आहे. तू कुठेच नाहीस. तुझ्या नोकरीच्या ग्रंथालयातल्या एकेका वाचकाची पानभर टिंगल लिहिणारी तू!

माझ्या दुकानात बायका पोरीच्या फ्रॉकचं निमित्त काढून येतात. तिसऱ्या खेपेला कळतं, फ्रॉक नीटच होता. तुझ्या चार खेपा झाल्या. म्हणून सरळ विचारते, तुला बरं वाटत नाही का? सांगशील ते माझ्यापाशी राहील. बिऱ्हाडाच्या विनोदाबद्दल भावाचा कान मात्र मीच पिळणार.

तुझी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ताई, सा. न. वि. वि.

ती रडायला लागली की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते, ऐकू येऊ नये म्हणून. तिला घेतलं की दुसऱ्याचं मूल सांभाळतेय असं वाटतं. दुपारी ती झोपते, मी भिंतीकडे बघत बसते. हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, ही आई व्हायच्या लायकीची नाही, आणि पोर काढून घेतील. तुमच्याच घरची ती. तरी तुम्हालाच लिहितेय.

ता. १९ फेब्रुवारी

वेडाबाई,

कोण घेतंय तिला? माझ्याच्याने गिऱ्हाइकाचे ब्लाउज वेळेवर होत नाहीत, मी पोर कुठे सांभाळू! तू वाईट आई नाहीस, आजारी आहेस. तापाला औषध असतं तसं यालाही असणार. चार केसपेपर तिच्या नावाने काढलेस, पाचवा स्वतःच्या नावाने काढ. आणि भावाला सोबत ने. घाबरेल, पण येईल.

ताई

ता. २८ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता पेशंटचं वय विचारलं आणि स्वतःच चार महिने लिहायला घेतलं. मी म्हटलं, एकतीस वर्षं. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि बसायला खुर्ची दिली.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि वरच्या मजल्यावर समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथे मी तासभर बोलले, म्हणजे अर्धा तास रडलेच. बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं म्हणाल्या. दर मंगळवारी जायचं. गरज पडली तर गोळ्याही देतील. लगेच बरी झाले असं नाही, पण काल दुपारी भिंत सोडून झोपले. तुमचा भाऊ आता दुपारचा स्वयंपाक करतो; भाजी करपते, पण करतो.

निघताना धीर करून समुपदेशक बाईंना विचारलं, आता बाळाला माझ्यापासून दूर ठेवणार का. त्यांनी उलट मलाच विचारलं, आज तिला बाहेर बापाकडे का ठेवलंत? पुढच्या मंगळवारी मांडीवर घेऊनच बसा म्हणाल्या.

तुमची माया पुरेपूर पोचली. अशीच पाठवत राहा.

तुमची,
भावजय