तिरकी रेघ

३ जून
आज रुजू झाले. वाशिम सोडून पुण्यात, तेही इतक्या निवांत नोकरीवर, म्हणून स्वारी खुशीत आहे. खोली नारायण पेठेत, संस्था दहा मिनिटांवर. मानववंशशास्त्रज्ञ सरोजिनीबाईंनी साठ वर्षांपूर्वी गावोगाव हिंडून घराण्यांचे तक्ते काढले होते, ते मी स्कॅन करायचे. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, मयत माणसावर तिरकी रेघ. खाली त्याला घरात काय हाक मारतात ते, त्यांच्याच बोलीत. कोपऱ्यात हयात किती, मयत किती. आमचे साहेब श्यामसुंदर म्हणाले, बाईंची चूक सापडली तर जरूर कळवा, अजून कुणाला सापडलेली नाही. शिवाय चहा अकराला असतो, सव्वाअकराला विचारू नये.

९ जून
आमच्याच घराण्याचा तक्ता निघाला. पणजोबा, आजोबा, सगळ्या हाका ओळखीच्या. मी एकटीच हसत बसले. मग बाबांच्या खाली एक त्रिकोण, ‘भाऊ’. शेजारी वर्तुळ, ‘अपी’. अपी म्हणजे मी. बाई वारल्या तेव्हा आम्ही दोघं जन्मलोही नव्हतो, पण शिसपेन्सिलीचं अक्षर त्यांचंच. भाऊवर रेघ आहे. तीन वर्षांपूर्वी तो खडकवासल्यात बुडाला. साहेबांना दाखवलं. म्हणाले, मग बरोबरच आहे की.

१० जून
जेवणाच्या सुट्टीत भाऊवरची रेघ खोडरबरानं पुसली. असं करू नये हे मला कळतं. मला तो हवाय, बस.

११ जून
मायचा फोन. भाऊ अंगणात गाडी धुतोय म्हणाली, तू कधी येतेस. मी पोटभर रडले.
कोपऱ्यात अजून मयत एकतीस. मोजल्या तर रेघा तीसच भरतात.

१२ जून
माझ्या वर्तुळावर बारीक रेघ. काल नव्हती. पुसली की परत येते— कागद विरला.
साहेबांनी विचारलं, आपण कोण, कुणाकडे आलात. मला पुणेरी टोमणा वाटला. टोमणा नव्हता.

१३ जून
मायला फोन लावला. म्हणाली, कोन बोलून रायले जी? माझ्या मायनं मला परक्यासारखं ‘जी’ म्हटलं. मागून भाऊनं विचारलं, कोण आहे. कोनी नाई रे, तू जेव, म्हणाली.

रेघ अर्ध्यावर आलीय. पेन्सिल हातात आहे— भाऊवर परत एक ओढली की सगळं जागेवर— एकच—
तो जेवतोय.
नाही ओढत.
‘अपी’ पुसट होतंय. इथं लिहून ठेवते, म्हणजे निदान इथं राहीन. भाऊची धाकटी बहीण. माझं नाव अ