निळ्या लाटात बुडालेली जर्सी

सुरत, २१ जुलै २०२५

ती. दीक्षाताईस,
नागसेनचा सप्रेम जयभीम.

फोनवर मी थापा मारतो म्हणून तू पत्रच लिहायले लावतेस, तर आता खरं वाच. वर्षभरापासून तू घर उलथंपालथं करून राहिली, ती तुझी भारताची जर्सी मीच आणली, न विचारता. इथे रंगाईच्या मिलमध्ये कोणी मानतच नव्हतं का माझी बहीण भारताकडून कबड्डी खेळली. जर्सी दाखवली तवापासून सुपरवायझरही मले भाऊ म्हणतो. वर्षात तीन मिल सोडल्या, जर्सी नाही सोडली.

आई सांगत होती, शनिवारी तुझ्या शाळेत पालकसभा आहे. तू शिकवतेस त्या नूपुरचे बाबा म्हणतात म्हणे, गुडघा मोडून घरी बसलेली बाई पोरीले काय खेळ शिकवणार? नूपुरचं नाव टीममधून काढा. अन् तुझ्यापाशी दाखवायले काहीच नाही. म्हणून जर्सी पार्सलने पाठवून राहिलो.

पण जर्सी पार फिकी पडली होती वं! म्हणून मिलमध्ये निळ्या रंगाचा लाट, म्हणजे एका वेळी रंगवायचा कापडाचा गठ्ठा, निघत होता, त्यात टाकून काढली. आता अशी निळी आहे का बाप्पा! जराशी आखडली. नंबर गेला. इस्त्री मात्र कडक केली आहे.

लाडाचा (अजून असेन तर),
नागसेन

नागपूर, ३ ऑगस्ट २०२५

चि. नागसेन यास,
ताईचा जयभीम आणि एक धपाटा.

पार्सल सभेच्या अर्धा तास आधी आलं. उघडलं अन् आधी पाठीवरचा नंबर शोधला. एकवीस सामने एका लाटात बुडवले गा तू! ना भारत, ना चार नंबर, बाह्या सातवीतल्या पोरीच्या मापाच्या. पालकांपुढे काय ठेवू? शेवटी तुझं पत्रच वाचून दाखवलं. बाया हसून बेजार. त्या भरात नूपुरच्या बाबांचं बोलणंही वाचून गेली.

ते उठले. गांधीबागेत कापडाच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी जर्सी उलटवून खांद्याची शिवण पाहिली. आईने घातलेले टाके सुती दोऱ्याचे, तुझा पॉलिस्टरचा रंग त्याले चढलाच नाही, पांढरे शुभ्र राहिले. कधी फाटलं, विचारलं. म्हटलं, गुडघा गेला त्या सामन्यात. मग शिवली कशाले? म्हटलं, पुढचे सहा सामने खेळायले, अन् खेळलीही.

त्यांनी नूपुरले हाक मारली अन् जर्सी तिच्या गळ्यात घातली. मापात बसली. पाठीवर चार नंबर मी खडूने लिहिला. घामाने पुसला जातो, मी रोज लिहिते.

लोभ आहे तसाच आहे. त्याले रंगवायले जाऊ नको.

तुझी,
ताई