दवाखान्यातला कागद

रविवार, दिवेलागणीला. बाजारकुणंग.

आज आमच्या शेतात लावणी होती. शांताक्का सावडीला आली, आज ती आमच्याकडं, उद्या आम्ही तिच्याकडं. भाजलेल्या उजव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून. दिवसभर डाव्या हातानं रोपं लावली. ओळ वाकडी जात होती, मागून मी ती सरळ करत होते.

गावाजवळच्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कामाला होतो. कढईची कडी निखळलीय हे तिनं मालकाला कितीदा सांगितलं. "चालतंय तोवर चालवा," म्हणाला. मग तेल हातावर आलं. तरी पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत त्यानं तिला सोडलं नाही. जोयड्याच्या दवाखान्यात कागद कन्नडमधून भरायचा होता, आणि कन्नड शाळा शिकलेली मी एकटी. मालक शेजारी उभा. "घरच्या चुलीवर भाजलं म्हणून लिही."

लिहिलं.

त्याच आठवड्यात काम सोडलं. सुटले असं वाटलं. आता तक्रार करायची तर तो कागद आधी निघणार, माझ्याच अक्षरातला. नाही केली तर? ती पिशवी डोळ्यांपुढून हलत नाही.

मघाशी तिला भात वाढताना विचारलं, "अक्का, मालकावर तक्रार लिवू काय?"

डाव्या हातानं खायची लाज वाटून ती भिंतीकडं तोंड करून जेवत होती. तशीच म्हणाली, "लिव की. त्या दिशी काय लिवलंस ते नर्सबाईनं मला तवाच सांगितलंय. आता खरं लिव."

सगळं ठाऊक होतं तिला. तरी पिशवी बांधून आमच्या चिखलात उतरली.