बटाट्याची मोहर

प्रिय हरी,

पाकिटावरची लाखेची मोहर तू बघितली नसणारच. पाकीट म्हटलं की टरकवायचं, ही तुझी लहानपणापासूनची रीत. लाखेचे तुकडे गोळा करून ठेव, शेवटी लागतील.

तुझी आकांक्षा दोन दिवस इथे सिंदी मेघेला राहून आज पुण्याला परत निघते आहे. तिच्याच हाती हे देतो आहे. पोरगी आजोबांना भेटायला आली असं मी समजत होतो, पण निम्मी ती माझ्या बोटातल्या अंगठीला भेटायला आली होती. तिच्या ऑफिसात म्हणे हल्ली जो तो ‘सिग्नेट रिंग’ घालतो. तिनेही ऑनलाइन मागवली आहे, चपट्या तोंडाची, वर ‘अ’ कोरलेली. मी चष्मा लावून पाहिली, तर अक्षर सरळ! म्हटलं, बाई, ही लाखेत दाबलीस तर ‘अ’ उलटा उमटेल. तर म्हणते, “मोठे बाबा, दाबतंय कोण? ती नुसती घालायची असते.” ज्या मुद्रेच्या ठशाशिवाय राजाची आज्ञा वेशीबाहेर जात नसे, ती आता बोटावर बसून पेन्शन खाते. मी जन्मभर शिकवलेल्या संस्कृतसारखीच. तरी खरं सांगू, मला बरं वाटलं. अंगठा टेकवून फोन उघडणाऱ्या पोरांनाही आपलं एक अक्षर बोटात असावंसं वाटतं.

मग तिला आपल्या अंगठीची कुळकथा सांगितली. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बियाण्याच्या कोठीला कुलूप लागलं की कुलपावर चिंधी, चिंधीवर लाख आणि लाखेवर कोठी सांभाळणाऱ्या आपल्या पुनाजी आजोबांच्या अंगठीचा ‘पु’. पुढे मालगुजारी गेली, कोठी पडली, आणि बाबांनी मोहर स्वयंपाकघरात आणली. पवनारच्या घरी पाहुण्यांसाठी आणलेल्या गोरसपाक बिस्किटांच्या डब्याला बाबा सुतळी आवळून लाख लावत, हे ऐकून पोरगी लोळून हसली. त्यापुढचं मात्र मी तिला सांगितलं नाही. ते तुझं आहे.

मी सातवीत, तू पाचवीत. डबा आपण दोघांनी फोडला, पण नवी मोहर मारण्याची अक्कल माझी. बटाटा कापला, खिळ्याने ‘पु’ कोरला, लाख वितळवून दाबला. तू एकदा बटाट्याकडे बघून काहीतरी सांगायला लागला होतास. मी म्हणालो, “तुले काय समजते, चूप बस.” संध्याकाळी बाबांनी डबा उजेडात धरला. लाखेवरचा ‘पु’ भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी बोलणारच होतो, असं आजवर स्वतःला सांगत आलो आहे. तेवढ्यात तू म्हणालास, “म्या केलं.” दुसऱ्या दिवशी माझी स्कॉलरशिपची परीक्षा होती. तुला दोन थपडा आणि मला पहिला नंबर मिळाला.

माझ्या लग्नात बाबांनी सगळ्यांसमोर अंगठी माझ्या बोटात घातली. त्या दिवशी तू पंगतीला न बसताच स्टेशनवर गेलास. तेव्हापासून आपण भाऊ कमी आणि सोयरे जास्त. दिवाळीला फोन, “तब्येत कशी आहे”, “बरी आहे”, संपलं.

गेल्या आठवड्यात मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते खाटेवर पडून ऐकत होते. ऐकून म्हणाले, “मले तवाच मालूम होतं. हरी शाळा बुडवून गुलाब सोनाराजवळ बसे. मोहरेचं अक्षर उलटं कोरा लागते, हे त्याले ठावं होतं. सरळ कोरनारा तू, पुस्तकवाला.” न्यायशास्त्रात अनुमान शिकवत माझी तीस वर्षं गेली. म्हातारा एका बटाट्यावरून तिथे पोचला. मी विचारलं, मग हरीला मारलं काऊन? “तो सोताहून पुढं आलता. त्याले खोटं कसं पाडू?” आणि अंगठी मला काऊन दिली? बाबांनी माझं बोट ओढून अंगठी चाचपली. मग म्हणाले, “हरीच्या शब्दाले मोहर लागत नाई. तुह्या शब्दाले लागे.”

आता लाखेचे तुकडे जोडून बघ. ‘पु’ उलटा दिसेल. बटाट्याचाच आहे, मुद्दाम सरळ कोरलेला. अंगठीने मोहर मारता आली नाही, कारण अंगठी आत आहे, रुमालाच्या गाठीत. बाबांचे डोळे पार गेले आहेत, हे तुला फोनवर कळवलं नव्हतं. ते आता बोट चाचपून माणूस ओळखतात. आज सकाळी माझं बोट मोकळं लागलं तसं दचकून म्हणाले, “अंगठी कुठं गेली?” मी सांगितलं, “हरी घालून येऊन राह्यला.” तेव्हापासून खाट दाराकडे तोंड करून लावायला लावली आहे. हरी, या एका वेळेला तरी माझा शब्द मोहरेवाचून खरा होऊ दे.

पन्नास वर्षं उशिरा कबूल झालेला,
तुझाच
गोपालदादा