बल्बला लावलेलं कुंकू

राघवभाऊजी,

वरणभात कुकरमध्ये आहे, गरम करून घ्या. इरफानभाईंच्या दुकानातून आणलेलं मोटरसायकलचं नवं वायरिंग मात्र उखडू नका. त्यात दोष नाही, आणि त्यांनी नकली बल्बही दिलेला नाही. चूक माझी आहे.

हेडलाइटचा नवा बल्ब तुम्ही टेबलावर ठेवलात, तेव्हा मी तो देवापुढे नेला. नवी वस्तू म्हणून निरांजनाचं तूप लागलेल्या बोटानेच काचेला कुंकू लावलं आणि पदराने पुसून परत डब्यात ठेवला. बसवताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, लांबच राहा हं! ह्याच्या काचेला तेलकट बोट लागलं, तरी ती तापून फुटते." तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही हसाल म्हणून गप्प राहिले.

काल लॅबमधून येताना बल्ब उडाला आणि तुम्हाला सीतापूर रोडवरून अंधारात यावं लागलं. आज सकाळी फोनवर तुम्ही इरफानभाईंना "चोर हैं आप! शाम को सारी वायरिंग आपके काउंटर पर पटकूँगा" म्हणालात, तेव्हा मी समोरच उभी होते. माझं मौन होतं हे खरं, पण कागदावर लिहून दाखवता आलं असतं. व्रताच्या आड लपले मी.

आता मौन मोडून त्यांच्या दुकानात निघाले आहे. तुम्हीही फोन करून माफी मागाल ना? ते मला "कोई बात नहीं, भाभीजी" एवढंच म्हणतील. त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

वहिनी