चांदीच्या विटेचा नंबर

आत्या, तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अमळनेरला तुझ्याकडे राहून मी कॉलेज केलं, दोन वर्षं तुझ्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली, आणि तरी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला तो मीच. मी जात्याच संशयी. आजही गॅसचं सिलिंडर वजन केल्याशिवाय घरात घेत नाही. पण तुझ्याशी जे वागले तो नुसता स्वभाव नव्हता, ती मिजास होती.

धुळ्याला आमच्या गल्लीत चोऱ्या वाढल्या तेव्हा वडिलांनी जळगावहून घेतलेली किलोभर चांदीची वीट तुझ्या लोखंडी कपाटात ठेवायला दिली. तिचं सर्टिफिकेट त्यांनी कुठे ठेवलं, ते त्यांच्याबरोबरच गेलं. उरला होता तो आईने विटेवरून पंचांगाच्या मागच्या पानावर उतरवलेला नंबर: चार, तीन, एक, दोन. माझं लग्न ठरलं, मी वीट न्यायला आले, आणि तुझ्यासमोर बसून पाहते तर विटेवर आठ, तीन, नऊ, दोन. तू म्हणालीस, "तुना बापनी ठेयेल तीच शे हाई. वजन करी ले." मी केलं. बरोबर भरलं. सोनाराने कस लावून चांदी चोख असल्याचं सांगितलं. चोख चांदी देऊन चोख चांदी कोण कशाला बदलेल, हा विचार मला शिवला नाही. वरून चोख असेल, आत काय आहे कुणी पाहिलंय, असं मी म्हटलं. नंबर काही खोटं बोलत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं. पुढे एरंडोलच्या एका लग्नात तू बायकांच्या खोलीत आलीस, तर दोघींनी आपल्या पिशव्या जवळ ओढल्या. मी पाहत होते. मला बरं वाटलं, हेही लिहिते.

मग एकदा माहेरी दिवाळीच्या साफसफाईत वडिलांच्या ट्रंकेतलं तळाचं वर्तमानपत्र काढते, तर खाली सर्टिफिकेट. आठ, तीन, नऊ, दोन. मी ते आईपुढे धरते, नंबर वाच म्हणते. आई चष्मा लावते आणि न अडखळता वाचते, "चार, तीन, एक, दोन." तिची शाळा मराठी चौथीपर्यंतची. इंग्रजी आठ तिला मराठी चार दिसतो, इंग्रजी नऊ मराठी एक. विटेवरूनही तिने तसंच उतरवलं होतं. आणि मी बीकॉम झालेली, मला हे एकदाही सुचलं नाही.

आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उद्याच जाऊ अक्कांकडे. मी पाया पडते त्यांच्या." धुळ्याहून अमळनेर एसटीने तासाभराचं. मी म्हटलं, सणाची गडबड आहे, नंतर बघू. तू गेल्यावर सगळ्यांना मी असंच सांगितलं, की सर्टिफिकेट फार उशिरा सापडलं. आत्या, त्या साफसफाईनंतर तू आणखी दोन दिवाळ्या पाहिल्यास.