दोरीवरचे लंगोट

लातूर, बुधवार, दिवेलागणीला

डोकं अजून तापलेलंच आहे. आज टँकरच्या रांगेत खालच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला कशाला पाणी? दोरीवर बघा की, रोज ढीगभर लंगोट वाळत घालतीय. लई पाणी हाय हिच्याकडं!" झालं, माझी दुसरी घागर रिकामीच परत आली.

विकतचे डायपर परवडत नाहीत म्हणून आईच्या जुन्या सुती साड्या फाडून मी हे लंगोट शिवले. बाळाला परातीत अंघोळ घालते, त्याच पाण्यात लंगोट धुते आणि तेच पाणी संडासात ओतते. आणखी काय करायचं मी?

सासूबाई म्हणतात, "आत पंख्याखाली वाळव, लोकांच्या डोळ्यावर येतं." का म्हणून? लंगोटांना ऊन लागलं नाही की बाळाच्या मांड्या लाल होतात. चोरी केली का मी?

आणि आत्ता ह्याच काकू तांब्या घेऊन दारात! हळूच म्हणतात, "बाळाच्या अंघोळीचं पाणी टाकत असशील तर दे गं, मोगरा वाळून चालला."

मी नुकताच धुतलेला लंगोट आणून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "घ्या काकू, पिळून घ्या. एवढंच हाय."